टाकीचा श्वास

भाद्रपद शुद्ध पंचमीची सकाळ होती. दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस. मूळचे कऱ्हाटी भागातील आणि तीन पिढ्यांपासून बारामतीच्या बाजारपेठेत भुसार मालाचा व्यापार करणारे एक गृहस्थ आपल्या वृद्ध मातोश्रींना दहिगावच्या महावीर मंदिरात दर्शनासाठी घेऊन निघाले होते. गाडी वडिलांनी घेतलेली, लहान आणि पेट्रोलवर चालणारी. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर परिवहन कार्यालयात तपासणी करून तिची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली होती. ती मुदतही आता संपत आली होती. पुण्यात नोकरी करणारे चिरंजीव प्रत्येक सुट्टीत एकच वाक्य म्हणत, ‘‘बाबा, आता ही काढून टाका.’’ पण आईंना नव्या उंच गाडीत चढता येत नसे, आणि जुन्या गाडीच्या पुढच्या आसनावर बसले की शेजारी कोण बसत असे, याची आठवण त्यांना होई. एवढ्या कारणावर गाडी घरात टिकली होती.

इंदापूर रस्त्यावरील एका पंपावर गाडी थांबली. आदल्या दिवशीची गणेश चतुर्थी, घरोघरी पाहुणे, त्यामुळे पंपावर रांग होती. पेट्रोल सोडणाऱ्या तरुणाने नोझल टाकीच्या तोंडात घातले, खटका दाबला आणि अर्धा लिटर जाण्यापूर्वीच ‘खट्’ असा आवाज होऊन प्रवाह थांबला. त्याने पुन्हा दाबले, पुन्हा ‘खट्’. टाकीच्या काट्याने तर तळ गाठलेला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच. एकदा तर नरड्याशी गुळगुळ आवाज होऊन थोडे पेट्रोल बाहेर उसळले व गाडीच्या नव्या रंगावरून ओघळले.

‘‘शेठ, गाडी पेट्रोल घेईना,’’ तो म्हणाला.

पंपावर थांबून थांबून पेट्रोल सोडले की मापात मारतात, असा एक संदेश त्या गृहस्थांनी मोबाइलवर नुकताच वाचला होता. रांगेतील लोक भोंगे वाजवीत होते. त्यांचा आवाज चढला. ‘‘आम्ही जन्मभर तराजूवर बसलेली माणसं. मापाचे खेळ आम्हाला दाखवू नकोस,’’ असे ते सर्वांदेखत बोलून गेले. तरुण काही बोलला नाही. नोझल अलगद धरून, अगदी बारीक धारेने त्याने चार लिटर कसेबसे घातले, पैसे घेतले आणि पुढच्या गाडीकडे वळला. पुढच्या गाडीत त्याच नोझलने पेट्रोल सरळ गेले. परंतु ते पाहण्यासाठी शेठजी थांबले नाहीत.

गाडी रस्त्याला लागल्यावर बऱ्याच वेळाने आई एवढेच म्हणाल्या, ‘‘आज पंचमी. आज उत्तम क्षमेचा दिवस.’’

पद्मिनीपासून आजपर्यंत

वाटेत वालचंदनगर लागले. सोलापूरच्या दोशी कुटुंबात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळरानावर उभी केलेली ही नगरी. त्याच वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट आणि पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेलेली मोटार महाराष्ट्रातील व्यापारी घरांच्या दारात कित्येक वर्षे दिमाखाने उभी असे. या कुटुंबातही सध्याच्या गाडीच्या आधी पद्मिनीच होती. ‘‘त्या गाडीनं असं कधी केलं नाही,’’ असे आई म्हणाल्या. हे म्हणणे भाबडे वाटले, तरी त्यात एक तांत्रिक सत्य दडलेले आहे.

जुन्या काळच्या मोटारींचे इंधनाचे तंत्र साधे होते. टाकीतील हवा व वाफ बाहेर जाण्यासाठी कित्येक गाड्यांत टाकीच्या झाकणालाच छिद्र असे, किंवा एखादी नळी थेट मोकळ्या हवेत उघडत असे. पेट्रोलची वाफ अशी हवेत मिसळू देणे आरोग्यास घातक आणि इंधनाची नासाडी करणारे आहे, हे उमगल्यावर टाक्या बंदिस्त झाल्या. टाकीतील वाफ आता एका डब्याकडे नेली जाते. या डब्यात सक्रिय कोळसा भरलेला असतो. त्याच्या एका ग्रॅमच्या सूक्ष्म छिद्रांतील पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो, म्हणून वाफ त्यावर चिकटून राहते. इंजिन चालू झाले की ती ओढून घेतली जाते व जाळली जाते. नासाडी थांबली, हवा स्वच्छ राहिली. मात्र नळ्या आणि झडपा वाढल्या. जितक्या वाटा, तितक्या त्या बुजण्याच्या शक्यता.

नोझल का थांबते?

पंपावर अनेकांची अशी समजूत असते की नोझलमध्ये विजेवर चालणारे काही यंत्र असते व ते बिघडले की प्रवाह तुटतो. तसे नाही. नोझलच्या टोकाजवळ एक बारीक छिद्र असते. त्यातून एक लहान नळी मुठीपर्यंत जाते. पेट्रोल वेगाने वाहू लागले की मुठीतील अरुंद भागात ओढ निर्माण होते आणि त्या छिद्रातून हवा आत खेचली जाते. हवा येत आहे तोवर सारे ठीक. टाकी भरून पेट्रोल छिद्रापर्यंत चढले की हवेची वाट बंद होते, आतील ओढ एकाएकी वाढते, एक पातळ पडदा खेचला जातो आणि खटका सुटतो. तोच तो ‘खट्’ आवाज.

टाकी भरली आहे की रिकामी, हे नोझलला कळत नाही. ‘माझ्या टोकाशी पेट्रोल आले’ एवढेच त्याला कळते. टाकी रिकामी असूनही पेट्रोल टोकाशी का येते, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शाळेतील विज्ञानात आहे. रिकामी टाकी खरोखर रिकामी नसते. ती हवेने आणि वाफेने भरलेली असते. तीस लिटर पेट्रोल आत जायचे असेल तर तेवढीच हवा बाहेर पडली पाहिजे. पंपाचा प्रवाह मिनिटाला तीस लिटरच्या आसपास धरला, तर दर सेकंदाला सुमारे अर्धा लिटर हवेला वाट हवी. यासाठी टाकीच्या जाड भरणनळीला जोडून एक बारीक नळी दिलेली असते. टाकीच्या वरच्या भागातील हवा तिच्यातून भरण्याच्या तोंडाशी परत येते. कारागीर तिला श्वासनळी किंवा ‘ब्रीदर’ म्हणतात. ही नळी बुजली, दुमडली वा चेपली, की हवा त्याच जाड नळीतून, येणाऱ्या पेट्रोलला ढकलीत वर येऊ लागते. पेट्रोल उसळते, नोझलच्या टोकाला लागते, नोझल प्रामाणिकपणे थांबते. दोष दिसतो पंपात, असतो गाडीत.

धर्मकार्यात पुस्तकी उपमा पुष्कळ मिळतात. परंतु ज्याला आत काही घ्यायचे आहे त्याने आधी आतले काही बाहेर जाऊ दिले पाहिजे, हे सांगणारी उपमा पेट्रोलच्या टाकीत मिळेल असे सहसा वाटत नाही.

तपासणीचा क्रम

चूक शोधताना जमाखर्च जुळविण्याची रीत उपयोगी पडते. ताळेबंदात फरक आला म्हणून कोणी सारी खातेवही फाडून टाकत नाही. शेवटची बरोबर जुळलेली तारीख शोधतो आणि तेथून पुढच्या नोंदी एकेक करून तपासतो. गाडीचेही तसेच. स्वस्त व सोपी तपासणी आधी, खर्चिक नंतर.

पहिली पायरी पंपाची. त्याच नोझलने दुसऱ्या गाडीत पेट्रोल सरळ जाते का, आणि आपली गाडी दुसऱ्या पंपावरही तसेच करते का, हे पाहावे. दोन पंपांवर तोच अनुभव आला, तर दोष आपल्याकडे आहे. नोझल थोडे फिरवून, किंचित मागे घेऊन, बारीक धारेने भरले असता जाते काय, हेही पाहावे. बारीक धारेने जाते आणि जोरात जात नाही, याचा अर्थ हवेची वाट पूर्ण वा अंशतः बंद आहे.

मापाविषयी शंका असेल, तर तिच्यासाठी सभ्य मार्ग आहे. प्रत्येक पंपावर वैधमापनशास्त्र विभागाने प्रमाणित केलेले पाच लिटरचे माप ठेवलेले असते आणि ग्राहक आपल्यासमोर माप दाखविण्यास सांगू शकतो. मागणी करण्यात संकोच नको. परंतु माप पाहण्यापूर्वी आरोप नको.

दुसरी पायरी झाकणाची. टाकीचे झाकण उघडताना हलका फुस्स आवाज कडक उन्हात सामान्य होय. मात्र प्रत्येक वेळी, सकाळच्या गारव्यातही, दीर्घकाळ हवा आत ओढली जात असेल वा बाहेर फेकली जात असेल, तर कोळशाच्या डब्याकडील वाट बुजली असण्याची शक्यता असते.

तिसरी पायरी भरणनळीच्या तोंडाची. तेथील पत्र्याची झडप अडकली आहे काय, एखाद्या वेळी कोंबलेली चिंधी आत गेली आहे काय, उसाच्या वाहतुकीच्या रस्त्यावरील चिकट धूळ साचली आहे काय, हे विजेरीने पाहावे. काडेपेटी वा लायटर जवळही नेऊ नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते.

चौथी पायरी श्वासनळीची. बहुतेक गाड्यांत ही नळी मागच्या चाकावरील आवरणाच्या आत असते. ती कोठे दुमडली, चेपली, भेगाळली वा आतून फुगली आहे, हे माहितगार कारागिराकडून, टाकी जवळजवळ रिकामी असताना, मोकळ्या हवेत पाहून घ्यावे. वीस वर्षांच्या रबराचे वय झालेलेच असते. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशात फेब्रुवारी २०२३ पासून मिळू लागले. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर या साखरपट्ट्याला इथेनॉलचे महत्त्व सांगावयास नको. मात्र त्या इंधनाचा विचार करून न घडविलेल्या जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. नळी बदलताना तशा पेट्रोलला टिकणारीच मागावी. फरक थोड्या रुपयांचा असतो.

पाचवी पायरी टाकीच्या माथ्यावरील झडपेची. गाडी उलटली तर पेट्रोल सांडू नये म्हणून ती असते आणि कधीकधी बंद स्थितीतच अडकते. तिच्यासाठी बऱ्याचदा टाकी खाली उतरवावी लागते. म्हणून ही पायरी उशिरा.

शेवटची पायरी कोळशाच्या डब्याची. टाकी काठोकाठ भरण्याची सवय असेल, तर वाफेऐवजी पेट्रोलच डब्यापर्यंत जाते व कोळसा भिजतो. पेट्रोल भरल्यानंतर लगेच गाडी चालू होण्यास त्रास देणे, गाडीत सतत पेट्रोलचा वास येणे, ही त्याची लक्षणे होत.

दोन गोष्टी मात्र कधीच करू नयेत. नळी मोकळी करण्यासाठी तिला तोंड लावून फुंकू वा ओढू नये. आणि हवेच्या पंपाचा दाब टाकीच्या दिशेने सोडू नये. टाकीतील झडपा नाजूक असतात.

या सर्व पायऱ्यांच्या आधी एक प्रश्न विचारावयाचा असतो, आणि नेमका तोच बहुधा राहून जातो : गाडी शेवटची नीट केव्हा भरली, आणि त्यानंतर तिच्यावर कोणते काम झाले?

मातीचे बूच

दहिगावहून परतल्यावर त्या गृहस्थांनी गाडी एका मोठ्या कार्यशाळेत दाखविली. तेथे पहिल्याच पाहणीत टाकी उतरवून संपूर्ण संच बदलावा लागेल असे सांगण्यात आले आणि जो आकडा लिहून दिला, तो त्या गाडीच्या बाजारातील किमतीच्या जवळपास जाणारा होता. चिरंजीवांचा दूरध्वनी आला : ‘‘आता तरी ऐका.’’ गिऱ्हाईकही मिळत होते. आई काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी संध्याकाळी प्रतिक्रमणानंतर त्या ओसरीवर न बसता अंगणात गाडीजवळ जाऊन बराच वेळ उभ्या होत्या.

विकण्यापूर्वी एकदा जुन्या माणसाला दाखवावे, म्हणून शेठजींनी पद्मिनीच्या काळापासून घरच्या गाड्या पाहणाऱ्या वयोवृद्ध मिस्त्रींना बोलावले. मिस्त्रींनी गाडीला हात लावण्यापूर्वी विचारले, ‘‘शेठ, हिला रंग कधी दिला?’’

तेव्हा उलगडा झाला. श्रावणात मागच्या बाजूला एका हातगाडीचा धक्का लागून पत्रा चेपला होता. पत्र्याच्या कामासाठी टाकीची भरणनळी व श्वासनळी सोडवून ठेवली होती आणि रंग वाळेपर्यंत गाडी दोन आठवडे कारागिराच्या आवारात उघड्यावर उभी होती. काम झाल्यावर नळ्या पुन्हा जोडल्या गेल्या. पंचमीच्या दिवशी गाडी त्यानंतर प्रथमच पंपावर आली होती. गाडी चालण्यात काही फरक पडला नव्हता, कारण चालत्या गाडीच्या टाकीला कोळशाच्या डब्याकडील वाट मोकळी होती. भरतानाची वाट तेवढी बंद होती.

मिस्त्रींनी मागच्या चाकावरील आवरण काढले, श्वासनळी सोडविली आणि तिचे टोक उजेडाकडे धरले. आत मातीचे घट्ट बूच होते.

‘‘कुंभारीण,’’ ते म्हणाले. ‘‘उघडं तोंड दिसलं की ती घर करते.’’

खेडोपाडीच्या घरांत कुलपाच्या भोकात, बंद खिडकीच्या खाचेत, अडगळीतील नळीत ओल्या चिखलाचे घरटे बांधणारी ही माशी सर्वांच्या पाहण्यातील आहे. मादी चिखलाच्या गोळ्या आणून खोली रचते, नांगी मारून निश्चल केलेले कोळी वा अळ्या आत ठेवते, त्यांवर अंडे घालते व तोंड लिंपून टाकते. अळी आत वाढते, तिची माशी होते आणि ती गोल भोक पाडून बाहेर पडते. घरट्याला असे भोक असेल तर ते रिकामे. नसेल तर आत जीव आहे किंवा होता.

एवढीशी माशी काय करू शकते, याचे दाखले जगात नोंदले गेले आहेत. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातील पोर्तो प्लाता येथून उडालेले बर्गनएअरचे विमान समुद्रात कोसळून १८९ जण मृत्युमुखी पडले. वेग मोजणारी नळी बुजल्याने वैमानिकांना चुकीचा वेग दिसत होता आणि नळी बुजण्यामागे कुंभारणीचे घरटे असावे, असा तपासकर्त्यांचा संशय होता. विमान जमिनीवर उभे असताना त्या नळ्यांवर झाकणे घातलेली नव्हती, हेही चौकशीत पुढे आले. २०११ च्या मार्चमध्ये माझदा या जपानी कंपनीने अमेरिकेत विकलेल्या पन्नास हजारांहून अधिक मोटारी तपासणीसाठी परत बोलाविल्या. कारण होते एका जातीचा कोळी! तो कोळशाच्या डब्याच्या हवेच्या नळीत जाळे विणीत असे. त्यामुळे टाकीतील दाब बिघडून तिला तडा जाण्याची भीती होती. २०१४ मध्ये त्याच कारणासाठी कंपनीला आणखी मोटारी बोलवाव्या लागल्या. तेव्हा बारामतीच्या एका आवारात जे घडले, ते काही जगावेगळे नव्हते.

मिस्त्री तारेने माती उकरू लागले तेव्हा ओसरीवरून आईंनी विचारले, ‘‘आत जीव आहे का?’’

मिस्त्री थांबले. त्यांनी नळी पुन्हा उजेडाकडे धरली. बुचाला भोक नव्हते. मग त्यांनी उकरण्याऐवजी सुरीने नळीचा तेवढा तुकडा कापून काढला. रबर जुने झाल्याने नळी तशीही बदलावयाचीच होती. तो तुकडा आईंनी आपल्या हाताने तुळशीकट्ट्यामागे, सावलीत, मुंग्या लागणार नाहीत अशा जागी ठेवला. पेट्रोलच्या वाफेत इतके दिवस कोंडलेली अळी जगली असेल, ही आशा मिस्त्रींना नव्हती, आणि खरे पाहता आईंनाही नव्हती. पुढे बरेच दिवस त्या मातीला भोक पडले नाही.

पाठशाळेतील मुलेही सांगतील की माशी, भुंगा, कोळी हे चतुरिंद्रिय जीव. त्यांना स्पर्श आहे, चव आहे, गंध आहे, दृष्टी आहे. येथे कोणी हिंसा करावयास निघाले नव्हते. कोणी त्या माशीला पाहिलेदेखील नाही. फक्त सोडविलेल्या नळीच्या टोकाला एक चिंधी बांधावयाची राहून गेली. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे गाफीलपणाला, जे स्थान दिले आहे, त्याचे मर्म अशा लहान प्रसंगी ध्यानात येते. पाणी गाळून घेणाऱ्या, दिवा झाकणाऱ्या, धान्य निवडून घेणाऱ्या घरांना यत्नाचार शिकवावयास नको. परंतु तो स्वयंपाकघरातच राहतो आणि गोदामात, वाहनात, कार्यशाळेत आपल्या सोबत येत नाही. गाडी दुरुस्तीला टाकली की उघडी तोंडे कापडाने बांधण्यास सांगणे, दीर्घकाळ उभी राहणारी गाडी वरचेवर पाहणे, नळ्यांच्या मोकळ्या टोकांना बारीक जाळी लावून घेणे, ही यंत्राची निगा आहे आणि जीवदयाही आहे. दोन्हींचा खर्च एकच.

नव्या नळीचे व मजुरीचे मिळून जे पैसे झाले, ते शेठजींच्या दुकानातील एका पोत्याच्या नफ्याइतकेही नव्हते. गाडी विकण्याचा विषय तूर्त मिटला. जुन्या वस्तूविषयीचा निर्णय घाबरून घेऊ नये. आधी दोष कळावा, मग किंमत, मग निर्णय, एवढे यातून चिरंजीवांनीही मान्य केले. गाडीला खरोखर वय झाले, तिचे थांबणे वा धूर सोडणे इतरांना धोक्याचे ठरू लागले, तर तिचा मोह सोडणे हेही तितकेच योग्य ठरेल. पण एका बुजलेल्या नळीसाठी नव्हे.

पहिल्या आवाजाची मर्यादा

भाद्रपद वद्य प्रतिपदेला क्षमावाणी झाली. मंदिरात सर्वांनी एकमेकांना हात जोडले. व्यापारी पेठेत त्या दिवशी क्षमा मागणे तसे सोपे असते; ज्यांची मागावयाची ते समोर हात जोडूनच उभे असतात, आणि बहुधा त्यांच्याशी भांडण झालेले नसते. ज्याच्याशी झाले, तो यादीत नसतो.

मंदिरातून परतल्यावर आई म्हणाल्या, ‘‘गाडीत पेट्रोल आहे का?’’ प्रश्नाचा रोख शेठजींना कळला.

दुपारी ते त्याच पंपावर गेले. रांग नव्हती. तोच तरुण होता. त्याने गाडी ओळखली. चेहऱ्यावर थोडी सावधगिरी आली. नोझल आत गेले आणि पेट्रोल एकसारखे वाहू लागले. पाच लिटर, दहा लिटर, वीस लिटर. शेठजी गाडीतून उतरून त्याच्यापाशी उभे राहिले.

‘‘त्या दिवशी दोष माझ्या गाडीत होता,’’ ते म्हणाले. ‘‘नळीत माती बसली होती. तुमचं माप बरोबर होतं. मी चारचौघांत बोललो, ते चुकलं. क्षमा करा.’’

तरुण गोंधळला. ‘‘अहो शेठ, रोजचंच आहे. त्यात काय,’’ तो म्हणाला. मग थोडे थांबून, आकड्यांकडेच पाहत म्हणाला, ‘‘पण त्या दिवशी माझे वडील आले होते डबा घेऊन. त्यांनी ऐकलं.’’

शेठजींना काही सुचले नाही. ‘‘ते कधी येतात?’’ एवढेच त्यांनी विचारले.

‘‘एक वाजता.’’

पाऊण वाजला होता. तेवढ्यात नोझलचा ‘खट्’ आवाज झाला. या वेळी टाकी खरोखर भरली होती. सवयीने तरुणाने विचारले, ‘‘राऊंड करू का, शेठ? थोडं बसेल अजून.’’

हे ‘थोडं बसेल अजून’ प्रत्येक पंपावर ऐकू येते. गाडी हलवून, नोझल उचलून काठापर्यंत भरतात. आणि तेच पेट्रोल पुढे कोळशाच्या डब्यात उतरून त्याची नासाडी करते. उन्हात पेट्रोल फुगते, त्याला टाकीत थोडी मोकळी जागा लागते, म्हणून पहिल्या आवाजाला थांबावे, असे यंत्र बनविणाऱ्यांनी ठरविले आहे. परिग्रहाचे परिमाण ठरविणाऱ्या व्रताची शिकवणही याहून फार वेगळी नाही. मर्यादा आधी ठरलेली असावी आणि ती आली की हात थांबावा.

‘‘नको,’’ शेठजी म्हणाले. ‘‘थांबलं तिथंच राहू दे.’’

त्यांनी सुटे पैसे मोजून दिले, गाडी पंपाच्या कडेला लिंबाच्या सावलीत लावली आणि एक वाजण्याची वाट पाहत उभे राहिले.